लपविणे आणि जपणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत शेती, रोजगार, सहकार असे विषय असताना अविवाहित मातांचा प्रश्न कशासाठी घेतला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असणार. मघाशी चहाच्या वेळी एका जुन्या सहकाऱ्यांनी मला तसे बोलूनही दाखविले. हा विषय डॉक्टरांचा, फार तर वकिलांचा, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना एवढेच विचारले की, गेल्या वर्षभरात रात्री दहानंतर आपल्याला आलेले फोन कशासंबंधी होते? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हसले. मुलीला दिवस गेले आहेत, पाचवा की सहावा महिना चालू आहे, गावात अजून कुणाला कळलेले नाही, तुम्ही काहीतरी करा, असा फोन ज्याला कधीच आला नाही असा तालुक्याच्या पातळीवरचा कार्यकर्ता मला अजून भेटावयाचा आहे. त्या वेळी आपण काय करतो आणि काय करावयास हवे, याविषयी मला आज बोलावयाचे आहे. त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीचीही हकिकत सांगावी लागेल.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिल्याने हात घातला तो जोतीराव फुले यांनी. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला शेजारच्या एका शास्त्रीबोवांपासून दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्माला आले, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्याचा गळा कापून प्रेत विहिरीत टाकले. ते सापडले, खटला चालला, आणि काशीबाईची रवानगी जन्मठेपेवर अंदमानात झाली. या सबंध हकिकतीत शास्त्रीबोवा पुढे कोठेच दिसत नाहीत. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि शहरात ठिकठिकाणी जाहिराती लावल्या. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे, ते त्यांच्या खुशीवर आहे, असा त्या जाहिरातींचा आशय होता. यातील ‘खुशीवर’ या गोष्टीकडे आपण सहसा लक्ष देत नाही. ज्या स्त्रीला कुणीही काहीही विचारत नव्हते, तिच्यावर त्यांनी निर्णय सोपविला होता.

पुढे १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब मांडला आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत होती. उरलेली तीस दगावली, आणि त्याचे कारण जोतीराव असे देतात की, गरोदरपण लपविण्यासाठी या बायांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असावीत, त्यांची इजा मुलांना पोटातच झाली. पस्तिसांत पाच! आसरा होता, माया होती, बाळंतपणाची सोय होती. पण आसऱ्याच्या दारापर्यंत येण्याआधीचे जे पाच-सहा महिने त्या स्त्रीने एकटीने, तोंड दाबून काढले, त्यांनी ती मुले मारली. आज औषधे बदलली आहेत, दुकाने बदलली आहेत. ते पाच-सहा महिने मात्र बदललेले नाहीत, असे मला फार वेळा वाटते.

१८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरातही असे एक गृह काढले. तीर्थक्षेत्र हे पुण्याचे ठिकाण असते तसे लपण्याचेही असते, हे त्यांना कळले होते.

सावित्रीबाईंचे एक पत्र आपण सर्वांनी मुळातून वाचावे असे आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी त्यांनी ते नायगावहून जोतीरावांना लिहिले. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले. सारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांना मारीत, मिरवीत, जिवे मारण्याच्या इराद्याने चालविले होते. सावित्रीबाई धावत गेल्या आणि सरकारचा कायदा काय करील याची धास्ती घालून त्यांनी दोघांचे प्राण वाचविले. मग त्या दोघांना त्यांनी पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले. येथे विधवा नव्हती, बालविवाह नव्हता, सुधारकांच्या ठरीव यादीत बसणारे काही नव्हते. एक अविवाहित मुलगी होती, तिला दिवस गेले होते आणि जातीची वेस मोडली गेली होती. सावित्रीबाईंनी दोघांना योग्य-अयोग्याचा उपदेश केल्याचे त्या पत्रात मला कोठे दिसले नाही.

आणि यशवंत! १८७४ मध्ये त्या गृहात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा हा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, डॉक्टर केला, १८८७ च्या मृत्युपत्रात आपला वारस म्हणून नोंदविला. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि त्या गेल्या. ‘पापाचे फळ’ म्हणून जे विहिरीत जावयाचे होते, त्याची ही हकिकत आहे.

पण समाजाची भाषा या हकिकतींनी बदलली असे म्हणवत नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला १८८१ मध्ये आपल्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यांचा सवाल सरळ होता. जे दोष तुम्ही बाईच्या अंगी चिकटविता, ते पुरुषांत नाहीत काय? एकशे चाळीस वर्षे उलटून गेली तरी त्या सवालाला मराठी भाषेने नीट उत्तर दिलेले नाही. आपली बोली तपासून पाहा. पाय घसरला, वाकडे पाऊल पडले, तोंड काळे केले, शेण खाल्ले. हे सगळे बहुधा तिनेच केलेले असते. ‘कुमारी माता’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की ‘कुमार पिता’ असा शब्दच नाही, हे ध्यानात येत नाही. आपल्या धर्मशास्त्रांना लग्नाआधी झालेल्या मुलासाठी ‘कानीन’ अशी संज्ञा ठाऊक होती, पुत्रांच्या प्रकारांत त्याची गणतीही होती. मुलाचे नाव काय ठेवावे हे शास्त्राने ठरविले. कुंतीने काय करावे हे मात्र नदीवर सोडून दिले.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा मध्यमवर्गाला त्याचा धक्का बसला. गंमत म्हणून चाललेल्या खोट्या खटल्यात लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेला आरोपी केले जाते, आरोप भ्रूणहत्येचा ठेवला जातो, आणि बघता बघता खेळाचे सोंग गळून तिचे खरे गरोदरपण चव्हाट्यावर येते. ज्या प्राध्यापक दामल्यांपासून ते राहिले, ते नाटकभर येतच नाहीत. ज्या मंडळींनी भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तीच मंडळी शेवटी तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा असा निकाल देतात. नीतीचा आव किती पोकळ असतो, हे याहून कमी शब्दांत मला सांगता येणार नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण रात्री फोन येतो तेव्हा आपल्याला लागतो तो कायदा, आणि आपले याबाबतीतले अज्ञान मोठे आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला. त्यात संततिनियमनाचे साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाचा उल्लेख होता, पण तो ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरता. अविवाहितेचे साधन फसू शकते, ही कल्पनाच कायद्याला सोसवत नव्हती. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. पन्नास वर्षांत चार-दोन शब्द बदलले, असे कुणी म्हणेल. पण त्या शब्दांमुळे पुढच्याच वर्षी एका मुलीला न्याय मिळाला. पंचवीस वर्षांची एक अविवाहित तरुणी, जोडीदाराने लग्नास नकार दिलेला, गर्भ तेवीस आठवड्यांच्या आसपासचा. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तिला परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये अंतरिम आदेशाने तिला वाट करून दिली आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले की, वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीचा लाभ देताना विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही.

एक गोष्ट कृपया लिहून घ्या. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी केवळ स्वतःची संमती पुरते. आईवडिलांची सही लागत नाही, नवऱ्याची लागत नाही, आणि कार्यकर्त्याची तर मुळीच लागत नाही. तिचे नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती लागते, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक असते. या बंधनाच्या भीतीने पोरी सरकारी दवाखान्यात जात नाहीत, भलत्याच माणसाच्या हाती सापडतात. म्हणूनच २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितले आहे की, मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यांतून किती जणांना ठाऊक आहे, ते आपणच जाऊन विचारावे. मी विचारले आहे, म्हणून सांगते.

गेल्या वर्षी-दीड वर्षात एका सरकारी दवाखान्यात मी स्वतः पाहिलेला प्रसंग आहे. पोटात दुखते म्हणून आणलेली वीस वर्षांची मुलगी दोन तासांत बाळंत झाली. आईला ठाऊक नव्हते, असे आई म्हणत होती. खरे असेलही, सैल कपड्यांखाली आणि रोजच्या मारहाणीच्या धाकाखाली नऊ महिने निघू शकतात. वॉर्डात पलीकडच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात परिचारिकेने विचारले, “नवऱ्याचं नाव सांग.” मुलगी गप्प. पुन्हा तोच प्रश्न. शेवटी तिने कुठलेतरी एक नाव सांगितले. ते कागदावर चढले. त्या कागदावरून जन्माची नोंद होणार, त्या नोंदीवरून शाळेचा दाखला, आणि न जन्मलेल्या बापाचे ते नाव काढून टाकण्यासाठी त्या पोराला पुढे आयुष्यभर कचेऱ्या झिजवाव्या लागणार. वास्तविक या खोट्या नावाची काहीच आवश्यकता नव्हती. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे की, अविवाहित मातेला मुलाच्या पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिले की जन्मदाखला द्यावा लागेल. खरे म्हणजे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेच अविवाहित मातेला मुलाची पहिली नैसर्गिक पालक मानले आहे. विवाहितेचा क्रमांक मात्र बापानंतरचा! म्हणजे आपल्याकडे आईला आईपणाचा पूर्ण हक्क हवा असेल तर तिने लग्न न केलेले बरे, असा या कायद्याचा विनोद आहे. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावापुढे आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला, तो स्वागतार्हच आहे. पण रकाना बदलला तरी रकाना भरणारी माणसे तीच राहतात.

आता माझी चूक सांगते. पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बागायतीवर रोजाने कामाला जाणारी एक मुलगी, एकोणीस वर्षांची. मुकादमाच्या पुतण्यापासून तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिच्या बापाने आमच्याकडे धाव घेतली. आम्ही दहा-बारा जण मुकादमाच्या घरी जाऊन बसलो, पोलिसांत जाऊ म्हणालो, निदर्शने करू म्हणालो. तिसऱ्या दिवशी मुलगा लग्नाला तयार झाला. देवळात लग्न लागले, हुंडा नाही, मानपान नाही, दोन हार आणि पेढे. फोटो निघाला, जिल्ह्याच्या पत्रात बातमीही आली, आणि आम्ही सगळे जण आपण एका अन्यायाचे परिमार्जन केले अशा समाधानात घरी गेलो. या तीन दिवसांत आम्ही त्या मुलीला एकच प्रश्न विचारला होता, आणि तो म्हणजे त्या मुलाचे नाव काय.

दीड वर्षाने ती कडेवर मूल घेऊन माझ्या दारात उभी राहिली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हते. मी रागाने म्हटले, “अगं, आधी का नाही आलीस?” ती म्हणाली, “ताई, तेव्हा तुम्ही विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते. त्याच्या घरात जायचं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.” मग तिने सांगितले की, तो पहिल्या दिवसापासून तिच्यावर जबरदस्ती करीत होता. तिच्यावर बलात्कार करणाऱ्याच्या हाती आम्ही तिला वाजतगाजत दिले होते. डॉ. राममनोहर लोहिया सांगत की, बलात्कार आणि वचनभंग हे दोन सोडले तर स्त्री-पुरुषांमधील इतर कोणत्याही संबंधाला पाप मानण्याचे कारण नाही. आम्ही लोहियांचे नाव घेणारे लोक. पण त्या दिवशी आमच्या मनात पाप होते ते तिच्या पोटाचे, आणि लग्न लावून आम्ही ते झाकले. लपविले, असेच म्हणावयास हवे.

म्हणून मला लपविणे आणि जपणे यांत फरक करावासा वाटतो. ‘तुझे नाव मी कुणाला सांगणार नाही’ असे तिला सांगणे हे जपणे आहे. ती गुप्तता तिची असते, हवी तेव्हा तिला ती मोडता येते. ‘हे कुणाला कळता कामा नये’ असे तिला बजावणे हे लपविणे आहे. त्यात अब्रू घराची, गावाची, कधी कधी पक्षाचीही सांभाळली जाते, आणि किंमत ती मोजते. तडकाफडकी लावलेले लग्न हा लपविण्याचा प्रकार आहे. दूरच्या मावशीकडे पाठविणे हाही पुष्कळदा तोच. मूल झाल्यावर ते ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याला परस्पर देऊन टाकणे, हा आणखी एक. हे काम चांगल्या हेतूने केल्याचे अभिमानाने सांगणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगते की, मूल सोडावयाचे असेल तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे ते रीतसर सोपविता येते, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने आईला फेरविचारासाठी दोन महिने दिलेले आहेत. परस्पर व्यवहारात ते दोन महिने नाहीसे होतात. त्यात पैसा शिरला की ती विक्रीच होते.

हे सगळे वैयक्तिक शोकांतिकांचे प्रश्न आहेत, असेही कुणी समजू नये. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातील आदिवासी, विशेषतः कोलाम मुलींच्या हकिकती वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून आल्या, विधिमंडळात गाजल्या. बाहेरून येणारे ठेकेदार, व्यापारी, मजुरीचे लग्नाचे आमिष, मूल, आणि मग पसार झालेला माणूस. त्यानंतर सर्वेक्षणे झाली, किती ‘कुमारी माता’ यावर वाद झाले, मदतीच्या योजना निघाल्या. मातांच्या याद्या झाल्या. त्या ठेकेदारांची यादी करावी असे फारसे कुणाला सुचले नाही. जंगल ज्याच्या ताब्यात, मजुरी ज्याच्या हातात, त्याच्याच मर्जीवर मुलीचे शरीर असणार. तेथे नीतीच्या व्याख्यानांचा काय उपयोग? जमीन, मजुरी आणि ठेकेदारी यांचे प्रश्न आपण लढवितो, तेव्हा याही प्रश्नाचा एक पाय तेथेच अडकलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. खोटे वचन देऊन संबंध ठेवणे हा जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. त्याचा वापर त्या मुलींनी करावा की नाही, हे त्यांनी ठरवावे. बजावणे एवढेच की, तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात लग्न, असा सौदा पोलिस ठाण्याच्या व्हरांड्यात होत असेल तर त्यात पक्षाचा माणूस बसलेला नसावा.

दृष्टिकोन बदलतो आहे का, असे मला पुष्कळ जण विचारतात. शहरात एकटीने मूल वाढविणाऱ्या स्त्रिया आता दिसतात, त्यांना सोसायटीत घर मिळते, शाळा प्रवेश देते. त्यांच्या पगाराचा त्यात वाटा आहे, हे मात्र विसरू नये. बागायतीवरच्या रोजंदारी मुलीसाठी समाज फार हललेला नाही. त्या वेळची ती मुलगी माझ्या दारी आली, त्यानंतर ती आमच्याकडेच राहिली, शिवणकाम शिकली. तिचा मुलगा आता वायरमन आहे. त्याच्या मतदार ओळखपत्रावर वडिलांच्या जागी आईचे नाव आहे. ते करून घेण्यासाठी माझ्या चार खेपा झाल्या, हे खरे.

संध्याकाळच्या सत्रात आपण तालुकावार बसणार आहोत. आपल्या तालुक्यात गर्भपाताची मान्यता असलेली केंद्रे कोणती, तेथे बोलण्याजोगे वैद्यकीय अधिकारी कोण, बालकल्याण समितीची बैठक कोणत्या वारी असते, हे प्रत्येकाने लिहून आणावे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. आणि फोन घ्यावयाला प्रत्येक तालुक्यातून निदान दोन स्त्री कार्यकर्त्या लागतील. त्यांची नावे जेवणापूर्वी माझ्याकडे द्यावीत.